मधुमेही रुग्णातील क्षयसंसर्ग : देवरी परिसरातील वैद्यकव्यवसायाच्या अनुषंगाने

मधुमेह हा शहरातील सुखवस्तू, स्थूल माणसाचा व्याधी आणि क्षय हा खेड्यातील उपाशी माणसाचा व्याधी, अशी एक विभागणी आपणा वैद्यांच्या मनात पाठ्यक्रमापासूनच पक्की बसलेली असते. प्रमेहाचे निदान वाचताना आस्यासुख आणि स्वप्नसुख डोळ्यांसमोर येते, तर राजयक्ष्म्याचे निदान वाचताना साहस आणि विषमाशन. देवरीसारख्या तालुक्यात व्यवसाय करू लागल्यावर ही विभागणी फार काळ टिकत नाही. गोंदिया जिल्ह्याच्या या पूर्व टोकाला, छत्तीसगडच्या सीमेलगत, धानाची शेती, तेंदूपाने, मोहफुले आणि मजुरी यांवर जगणारा गोंड, हलबा व इतर समाज आहे. येथील मधुमेही बहुधा स्थूल नसतो. पंचेचाळीस-पन्नास किलो वजनाचा, उन्हात राबणारा, तीन वेळा भात किंवा पेज खाणारा हा माणूस असतो आणि आपल्याला ‘शुगर’ आहे हे त्याला बहुधा दुसऱ्याच कशाच्या तपासणीत कळलेले असते. अशा माणसाला खोकला लागतो, वजन उतरते, संध्याकाळी अंग कसकसते, तेव्हा वैद्याने काय करावे हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम संसर्ग आणि व्याधी यांतील भेद स्पष्ट करून घेणे अगत्याचे आहे, कारण आपल्या बोलण्यात हे दोन्ही शब्द सरमिसळ वापरले जातात. क्षयाचे जंतू श्वासावाटे शरीरात गेले, तेथे स्थिरावले, परंतु शरीराच्या बलाने त्यांना कोंडून ठेवले, ही सुप्त संसर्गाची अवस्था होय. अशा व्यक्तीस लक्षण नसते व तिच्यापासून इतरांस बाधाही होत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१९ ते २०२१ या काळात केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत असा संसर्ग आढळला. म्हणजे आपल्या बाह्यरुग्ण विभागात बाकावर बसलेल्या दर तीन प्रौढांपैकी जवळजवळ एकाच्या शरीरात हे जंतू आहेत. यांपैकी बहुतेकांस आयुष्यभर क्षयव्याधी होत नाही; शंभरातील पाच ते दहा जणांस होतो. मधुमेह या हिशेबात कोठे येतो? संसर्ग होण्याची शक्यता मधुमेहाने थोडीच वाढते. परंतु कोंडलेल्या जंतूंस मोकळे करण्याचे काम तो मोठ्या प्रमाणावर करतो. मधुमेही व्यक्तीस प्रत्यक्ष क्षयव्याधी होण्याचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. आणि रक्तशर्करा जितकी अनियंत्रित तितका तो अधिक.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर चित्र अधिकच बोलके आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तामिळनाडूतील एका अभ्यासात क्षयरुग्णांपैकी सुमारे २५ टक्के मधुमेही निघाले आणि जवळपास तेवढेच मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले. केरळात त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला आकडा ४४ टक्क्यांचा होता. विदर्भाच्या आदिवासी तालुक्यास हे आकडे जसेच्या तसे लावणे योग्य होणार नाही, कारण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय मधुमेह सर्वेक्षणात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील मधुमेहाचे प्रमाण ६.५ टक्के, तर शहरी भागातील १०.९ टक्के होते. तथापि ग्रामीण भाग मागे आहे याचा अर्थ तो सुरक्षित आहे असा नव्हे. २०२३ मध्ये याच सर्वेक्षणाने देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींवर असल्याचे दाखविले, आणि त्याच वर्षी जगातील एकूण नव्या क्षयरुग्णांपैकी सुमारे २६ टक्के भारतात होते. हे दोन प्रवाह आपल्याच दारात एकत्र येत आहेत.

शास्त्रदृष्ट्या विचार

प्रमेहाच्या उपद्रवांत चरकाचार्यांनी तृष्णा, अतिसार, ज्वर, दाह, दौर्बल्य, अरोचक, पिडका, विद्रधी इत्यादींची गणना केली आहे. राजयक्ष्म्याचे नाव तेथे नाही, आणि ते आहे असे ओढून-ताणून दाखविण्यात आम्हांस स्वारस्य नाही. सुश्रुताचार्यांनी कफज प्रमेहाच्या उपद्रवांत प्रतिश्याय, कास आणि श्वास सांगितले आहेत, आणि निदानस्थानात चरकाचार्यांनी प्रतिश्यायापासून कास, कासापासून क्षय व क्षयापासून शोष ही परंपरा निदानार्थकर रोगांचे उदाहरण म्हणून दिली आहे. दोन्ही ठिकाणची वाक्ये शेजारी ठेवली तर वाट दिसते, इतकेच आमचे म्हणणे आहे.

त्याहून महत्त्वाचा आहे तो ओजाचा विचार. मधुमेहाच्या संप्राप्तीत वायू ओजास बस्तीकडे ओढून नेतो असे सूत्रस्थानात वर्णन आहे. ज्याचे ओज क्षीण त्याचे व्याधिक्षमत्व क्षीण. आणि मधुमेहात रक्षक पेशींची जंतूंस गिळण्याची व मारण्याची शक्ती मंदावते हे आधुनिक निरीक्षण याच अर्थाकडे बोट दाखविते. शोष हा एका माणसापासून दुसऱ्यास होणारा औपसर्गिक व्याधी आहे, हे सुश्रुताचार्यांनी कुष्ठ, ज्वर व नेत्राभिष्यंदासोबत नमूद करून ठेवले आहे. तेव्हा बाहेरून येणारे कारण आणि आतील बल या दोहोंचा विचार आपल्या परंपरेस परका नाही.

खरा पेच चिकित्सेत उभा राहतो. प्रमेही दोन प्रकारचे: एक स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बल. पहिल्यास संशोधन, दुसऱ्यास बृंहण, हा चरकाचार्यांचा भेद आपण परीक्षेत लिहितो आणि व्यवसायात विसरतो. मधुमेह म्हटला की लंघन, लेखन, तिक्तरस आणि भात बंद, असा आपला हात जातो. राजयक्ष्म्यात मात्र सर्व धातू क्षीण झालेले असताना रुग्णाचे बल मळाच्या आश्रयाने टिकून असते, म्हणून पुरीषाचे रक्षण करावे, असा स्पष्ट इशारा आहे. आता एखाद्या मधुमेहीच्या फुप्फुसात क्षय दडलेला आहे व आपण त्यास प्रमेही म्हणून वमन-विरेचन दिले, किंवा अलीकडे गाजणाऱ्या अल्पाहाराच्या ‘मधुमेहमुक्ती’ योजनेत बसविले, तर काय होईल हे सांगावयास नको. वजन उतरते, रुग्ण खूश होतो, आपणही खूश होतो. आणि उतरणारे वजन कशाचे आहे हे कोणी विचारीत नाही. यास्तव पंचकर्माचा किंवा कडक पथ्याचा विचार करण्यापूर्वी प्रत्येक मधुमेहीस खोकला, ताप, वजनातील घट व रात्रीचा घाम हे चार प्रश्न विचारावेत, असा आमच्या चिकित्सालयाचा दंडक आहे. यास अर्धा मिनिट लागतो.

निदानातील अडचणी

चार प्रश्न विचारले तरी काम संपत नाही, कारण दोन्ही व्याधींची लक्षणे एकमेकांची सोंगे घेतात. थकवा, कृशता, तहान, भूक मंदावणे यांचे खापर रुग्ण शुगरवर फोडतो. खोकल्याचे खापर बिडीवर, नाहीतर धान गिरणीच्या धुळीवर. पूर्वोक्त राष्ट्रीय सर्वेक्षणात लक्षणे असलेल्या व्यक्तींपैकी सुमारे ६४ टक्क्यांनी कोठेही उपचार घेतलेले नव्हते, आणि छातीचे क्ष-किरण चित्र काढले नसते तर सुमारे ४३ टक्के रुग्ण निसटून गेले असते. म्हणजे लक्षणांवर विसंबणे हे अर्ध्यावर विसंबणे आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या मधुमेहीस बेडका तपासणी आणि क्ष-किरण या दोहोंसाठी पाठवावे. खोकला दोन आठवड्यांचा झालेला नसला, पण नियंत्रणात असलेली रक्तशर्करा तीच औषधे चालू असताना अकारण चढू लागली असेल, तरीही पाठवावे. शरीरात कोठे तरी संसर्ग पेटला आहे याची ती खूण असू शकते.

क्ष-किरण चित्राबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. क्षयाची छाया फुप्फुसाच्या वरच्या भागात असते असे आपण शिकलो. मधुमेहीत ती खालच्या भागातही वारंवार आढळते, आणि मग तिचे वाचन न्यूमोनिया असे होते. आमच्याकडे चिचगडच्या बाजूच्या एका गावातील पन्नाशीचे शेतकरी आले होते. पाच वर्षांपासून मधुमेह, पाच आठवड्यांपासून खोकला. दुसऱ्या गावी एका खाजगी ठिकाणी चित्र काढून न्यूमोनिया म्हणून लिव्होफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्या मिळाल्या होत्या. आठ दिवस बरे वाटले व पुन्हा खोकला उसळला. सोबत सितोपलादी मधातून आणि वासावलेह चालूच होता. उपाशीपोटी रक्तशर्करा अडीचशेच्या पुढे. बेडक्याची जनुकीय तपासणी करवून घेतली तेव्हा क्षयाचे जंतू निघाले. लिव्होफ्लॉक्सॅसिन हे औषध क्षयाच्या जंतूंवरही चालते, त्यामुळे तात्पुरता उतार पडतो आणि निदान लांबते. शिवाय ते रक्तशर्करा वरखाली करते. मधुमेहीच्या जुनाट खोकल्यात ते हाताशी आहे म्हणून देण्याचा मोह आपल्यापैकी जे उभय पद्धतींची औषधे वापरतात त्यांनी टाळावा.

बेडक्याची तपासणी आता पूर्वीसारखी केवळ सूक्ष्मदर्शकावर अवलंबून नाही. सीबीनॅट आणि गोव्यात तयार होणारे ट्रूनॅट या यंत्रांद्वारे जंतूंची जनुके व रिफाम्पिसिनला असलेला प्रतिरोध एकाच दिवशी समजतो, व शासकीय व्यवस्थेत ही तपासणी विनामूल्य आहे. देवरीच्या ग्रामीण रुग्णालयाशी आपला परिचय असावा. चिठ्ठीवर केवळ ‘खोकला’ असे न लिहिता ‘मधुमेही, दोन आठवडे खोकला, क्षयाची शंका’ असे लिहिले तर रुग्णाची पायपीट वाचते.

उलट बाजूने, प्रत्येक क्षयरुग्णाची रक्तशर्करा तपासली जावी अशी राष्ट्रीय कार्यक्रमाची २०१७ पासूनची संयुक्त चौकट आहे. येथे पूर्व विदर्भातील वैद्याने एक विशेष सावधगिरी बाळगावयास हवी. आपल्या भागात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेल असलेल्या व्यक्तीत रक्तकणांचे आयुष्य कमी असल्यामुळे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी खोटी कमी येऊ शकते, आणि वाहकांतही काही पद्धतींनी केलेला आकडा चुकू शकतो. क्षयामुळे आलेला पांडू हा आणखी एक घोटाळा. म्हणून केवळ या एका आकड्यावर मधुमेह नाही असा निर्वाळा न देता उपाशीपोटीची व जेवणानंतरची रक्तशर्करा पाहावी. तसेच तीव्र क्षयात केवळ व्याधीच्या ताणाने रक्तशर्करा वाढलेली असू शकते व चिकित्सेनंतर ती उतरते. अशा रुग्णाच्या कपाळावर आयुष्यभराचा मधुमेह कोरण्याची घाई नको, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे.

सुप्त संसर्गाचे काय करावे

ट्यूबरक्युलिन सुईची चाचणी आपणास जुनीच माहीत आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सायटीबी ही नवी त्वचाचाचणी अलीकडे कार्यक्रमात आली असून बालपणी टोचलेल्या बीसीजीमुळे तिचा निष्कर्ष बिघडत नाही. पाच मिलिमीटर किंवा अधिक काठिण्य आले तर संसर्ग आहे असे समजतात. परंतु चाचणी सकारात्मक आली की प्रत्येक मधुमेहीस प्रतिबंधक औषधे द्यावीत असा नियम नाही. निव्वळ मधुमेह आहे म्हणून सरसकट अशी चिकित्सा देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात केलेली नव्हती. या प्रश्नाच्या उत्तरासाठी युगांडा व टांझानिया येथे मधुमेहींवर मोठी चाचणी हाती घेतली गेली. आपल्या देशाच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार फुप्फुसाच्या क्षयरुग्णासोबत एका घरात राहणाऱ्या सर्व वयाच्या व्यक्तींस, प्रत्यक्ष व्याधी नाही याची खात्री करून, प्रतिबंधक चिकित्सा दिली जाते: एक तर आयसोनियाझिड सहा महिने रोज, किंवा आयसोनियाझिड व रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे.

वर उल्लेखिलेल्या शेतकऱ्याच्या घरी पत्नीही मधुमेही होती. तिला लक्षण काहीच नव्हते, क्ष-किरण चित्र निर्मळ होते, आणि ‘मला काही झाले नाही तर गोळ्या कशाला’ हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता. तिला आम्ही बियाण्याचे उदाहरण दिले. कोठीतले धान कोरडे आहे तोवर उगवत नाही. छप्पर गळू लागले की कोठीतच मोड येतात. तुमच्या घरात बियाणे आलेले आहे आणि शुगर हे गळके छप्पर आहे. बाईंना हे तत्काळ पटले. उलट शिक्षक असलेल्या मुलास पटविण्यास मात्र तीन बैठका लागल्या, कारण गावात बोभाटा होईल व धाकट्या बहिणीचे लग्न अडेल ही भीती त्याच्या मनात होती. ही भीती खोटी नाही, तिला हसू नये. घरातील सर्वांची तपासणी ‘मधुमेहाच्या घरची तपासणी’ म्हणून केली तर पुष्कळ घरे दार उघडतात, असा आमचा अनुभव आहे.

एकत्र चिकित्सेतील बारकावे

क्षयाचे निदान झाल्यावर जंतुनाशक चिकित्सा ही राष्ट्रीय कार्यक्रमाचीच असावी, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. सुवर्णवसंतमालतीने ज्वर मंदावला म्हणून बेडक्यातील जंतू गेले असे होत नाही, आणि तोवर रुग्ण घरादारास संसर्ग वाटीत राहतो. २०१७ पासून ही औषधे आठवड्यातून तीनदा नव्हे तर रोज दिली जातात. मधुमेहीत मृत्यूचा व पुनरुद्भवाचा धोका इतर क्षयरुग्णांहून अधिक आहे. म्हणून येथे एक मात्राही चुकू देणे परवडत नाही. तेंदूपानांच्या हंगामात किंवा रोवणीच्या दिवसांत मजूर कुटुंबे गाव सोडतात तेव्हा औषधे सोबत देण्याची व्यवस्था आधीच करवून घ्यावी.

वैद्याची भूमिका येथे संपत नाही, उलट येथून सुरू होते, कारण रुग्ण प्रत्येक तक्रार घेऊन प्रथम आपल्याकडे येतो. रिफाम्पिसिन सुरू होताच लघवी नारिंगी-तांबडी होते. रुग्ण घाबरून येतो, आणि मांजिष्ठमेह-हारिद्रमेह आठवणारा एखादा वैद्यही क्षणभर विचारात पडेल! हा औषधाचा रंग आहे, व्याधीचा नाही, एवढे सांगून त्यास परत पाठवावे. पण याच रिफाम्पिसिनचा दुसरा परिणाम दिसत नाही व अधिक घातक आहे. ते यकृतातील पचनक्रियेस वेग देते, त्यामुळे ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांचे रक्तातील प्रमाण घटते व शर्करा चढते. मेटफॉर्मिनवर हा परिणाम तितका होत नाही. म्हणून पहिल्या महिन्यात शर्करा वारंवार तपासून मधुमेहाचे औषध तज्ज्ञाकडून बदलून घ्यावे. शर्करा फार चढलेली असेल तर इन्सुलिनला पर्याय शोधीत बसू नये.

आयसोनियाझिडमुळे हातापायांना मुंग्या येतात, मधुमेहामुळेही येतात. दोन्ही एकत्र असताना पायरीडॉक्सिन दिले जात आहे किंवा नाही हे पाहणे वैद्याचे काम आहे. इथॅमब्युटॉलमुळे दृष्टी अंधुक झाली तरी रुग्ण तो दोष शुगरला देईल. रंग ओळखण्यात फरक पडला काय, हे मुद्दाम विचारावे. कावीळ, उलट्या, अन्नाचा तिटकारा दिसला तर यकृताची तपासणी त्याच दिवशी. मोहाची दारू चालू आहे किंवा काय, हेही स्पष्ट विचारावे, आणि उपदेश न करता विचारावे, म्हणजे खरे उत्तर मिळते. खर्रा व बिडी यांबाबतही तेच.

आता आपल्या स्वतःच्या औषधांबद्दल. पिप्पलीतील पाइपरिन हे द्रव्य रिफाम्पिसिनचे रक्तातील प्रमाण वाढविते, हे जम्मूच्या प्रयोगशाळेने दाखविले आणि त्यावरून कमी मात्रेचे रिफाम्पिसिन व पाइपरिन असे एकत्र औषधही तयार झाले. योगवाही म्हणून आपण ज्या गुणाचा गौरव करतो तो प्रत्यक्षात काम करतो, याचा हा पुरावा आहे. आणि म्हणूनच क्षयाची औषधे चालू असताना त्रिकटू, पिप्पली यांचे प्रयोग मनास येईल तसे करू नयेत. गुळवेलीसंबंधी २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. दुसऱ्या जातीच्या वेलीची भेसळ किंवा गल्लत झाली असावी असे आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले. वाद कोणत्याही बाजूने सुटो, यकृतावर ताण देणारी तीन औषधे चालू असलेल्या पहिल्या दोन महिन्यांत रानातून आणलेल्या, ओळख न पटलेल्या वेलीचा काढा देऊ नये, असे आमचे मत आहे. वसंतकुसुमाकर हा मधुमेह व क्षय या दोहोंत वापरला जाणारा कल्प; त्यात नागभस्मही आहे. मधुमेहीचे वृक्क कोणत्या अवस्थेत आहेत हे पाहिल्याविना तो सुरू करणे योग्य नव्हे.

आहाराचा प्रश्न देवरीत सर्वांत अवघड आहे. रुग्णास एकीकडून सांगितले जाते भात सोडा, दुसरीकडून सांगितले जाते भरपूर खा. शेवटी तो दोन्ही सोडतो! कृश प्रमेहीस बृंहण हे सूत्र येथे उपयोगी पडते. क्षयरुग्णास दर किलो वजनामागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे पंचेचाळीस किलोच्या माणसास दिवसाला छप्पन्न ते अडुसष्ट ग्रॅम. झारखंडात २०१९ ते २०२२ मध्ये झालेल्या एका चाचणीत क्षयरुग्णाच्या घरातील माणसांस पुरेसा शिधा दिला तेव्हा त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. ही चाचणी आपल्यासारख्याच आदिवासी मुलखातील आहे, म्हणून तिचे मोल अधिक. आम्ही भात बंद करीत नाही. जुना तांदूळ, मोजून, आणि त्यासोबत दुप्पट डाळ, अंडी, मामा तलावातील मासळी, शेळीचे दूध असे सांगतो. राजयक्ष्म्यात अजाक्षीर व अजामांस यांची थोरवी सांगताना आचार्यांनी जणू आमच्या गावांचाच विचार केला होता, कारण ज्या घरी गाय नाही त्या घरीही शेळी असते. कोदो हा प्रमेहात पथ्य असला तरी लेखन व वातकर आहे, तेव्हा कृश रुग्णास केवळ कोदोवर ठेवू नये. निक्षय पोषण योजनेचे साहाय्य एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले आहे. ते गूळ-साखरेत न जाता डाळ-अंड्यांत जावे, हे रुग्णाच्या पत्नीस सांगावे. रुग्णास सांगून उपयोग थोडा.

औषधालयचालकांसाठी

खोकला झालेला माणूस वैद्याकडे येण्यापूर्वी आपल्या दुकानात येतो, म्हणून हा भाग विशेषतः आपणासाठी. सितोपलादी चूर्णाच्या पाठात एकूण ३१ भागांत १६ भाग खडीसाखर आहे. तालीसादीत ४८ भागांत ३२ भाग, म्हणजे दोन तृतीयांश साखर. वासावलेह, कंटकारी अवलेह, च्यवनप्राश यांचा तर पायाच साखर-गूळ. आसव-अरिष्टांतही गूळ किंवा साखर असतेच. ‘आयुर्वेदिक आहे, शुगरवाल्याला चालते’ हे वाक्य काउंटरवर सर्रास ऐकू येते. ते चुकीचे आहे. तालीसादी चूर्ण तीन ग्रॅम तीन वेळा घेणारा मधुमेही रोज सहा ग्रॅम साखर औषध म्हणून खातो, मधाचा हिशेब वेगळाच. ही साखर फार आहे असे नाही. पण खोकल्याचे चूर्ण तिसऱ्यांदा घ्यावयास आलेल्या मधुमेहीस तिसरी बाटली न देता तपासणीची चिठ्ठी देणे, हे औषधालयाचे खरे काम आहे. दमा, सांधेदुखी यांवरच्या नाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉईडची भेसळ असते हे आपण सर्व जाणतो. स्टेरॉईड शर्करा वाढविते आणि सुप्त क्षयास जागे करते; मधुमेहीच्या हाती अशी पुडी देणे म्हणजे दोन्ही बाजूंनी काडी लावणे होय.

कायद्याची बाजूही माहीत असावी. मे २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद शासनास कळविणे बंधनकारक आहे, वैयक्तिक व्यवसाय करणारे वैद्यही यातून सुटलेले नाहीत. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने औषधविक्रेतेही त्यात स्पष्टपणे आले व न कळविणाऱ्यास दंडविधानाची तरतूद लागू झाली. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, इथॅमब्युटॉल, पायराझिनामाइड, तसेच लिव्होफ्लॉक्सॅसिन ही औषधे मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूचीत आहेत; चिठ्ठी देणाऱ्याचे नाव, रुग्णाचे नाव, औषध व त्याचे प्रमाण यांची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. या वहीच्या समासात ‘मधुमेहाची औषधे घेतो काय’ अशी एक बारीक नोंद जोडली तर आपल्या तालुक्यात दोन्ही व्याधी एकत्र असलेले किती लोक आहेत, हे आपल्या संघटनेस प्रथमच हाताने मोजता येईल. जिल्हा शाखेच्या पुढील बैठकीत हा प्रस्ताव आम्ही मांडणार आहोत.

सहा महिन्यांची चिकित्सा पूर्ण झाली, बेडका निर्मळ आला, की रुग्ण व वैद्य दोघेही निश्चिंत होतात. नेमक्या याच पंधरवड्यात मधुमेहीस जपावे लागते. रिफाम्पिसिन थांबल्यावर सुमारे दोन आठवड्यांत यकृताचा वाढलेला वेग ओसरतो, आणि चिकित्सेच्या काळात वाढवून ठेवलेली ग्लिमेपिराइडची मात्रा आता अंगावर येते. पहाटे घाम सुटणे, हात थरथरणे, बोलणे अडखळणे अशी तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णास क्षयाचा अशक्तपणा समजून बल्य औषध देऊ नये. प्रथम बोटाच्या रक्ताची शर्करा तपासावी, आणि ती कमी असल्यास साखर द्यावी. पुढे सहा, बारा, अठरा व चोवीस महिन्यांनी क्षयाची फेरतपासणी होते. त्याच चार दिवशी रक्तशर्करा व वजन यांचीही नोंद व्हावी, यासाठी या चार तारखा आम्ही रुग्णाच्या मधुमेहाच्या कार्डावर तांबड्या शाईने लिहून देतो.